समुपदेशनाचा सहा महिन्यांचा प्रशिक्षणवर्ग: धरमपेठेतील एका संस्थेचा अनुभव

मानसशास्त्रातील एम.ए. हातात पडली तेव्हा मी एकाही माणसाशी समुपदेशक म्हणून स्वतंत्रपणे बोललेले नव्हते. चौदा वर्षे शाळेत विज्ञान शिकवता शिकवता दूरशिक्षणाने ही पदवी घेतली. चार सत्रांत सिद्धान्त पाठ झाले, संख्याशास्त्राची गणिते सुटली, एका दवाखान्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून काही दिवस निरीक्षणही झाले. पण समोरचे माणूस बोलता बोलता रडू लागले तर आपण नेमके काय करायचे, हे कुणी शिकवले नव्हते. ती उणीव भरून निघावी म्हणून २०२५ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत मी नागपूरच्या धरमपेठेतील एका खासगी संस्थेचा समुपदेशन-प्रशिक्षणवर्ग पूर्ण केला. पैसे, वेळ आणि उमेद या तिन्हींचा हिशेब मांडून त्या वर्गाचे परीक्षण येथे लिहीत आहे.

संस्थेचे नाव मी घेत नाही. नागपुरात या क्षेत्रात काम करणारी माणसे एकमेकांना ओळखतात, आणि नाव घेतले तर आम्ही ज्या शाळेत व केंद्रात सराव केला तेथील कुटुंबांपर्यंत माग सहज जाऊ शकतो. ज्या प्रसंगांचा उल्लेख पुढे येतो त्यांतील ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. गोपनीयता हा या व्यवसायाचा पहिला धडा आहे आणि तो परीक्षण लिहितानाही पाळला पाहिजे, असे मला वाटते.

वर्ग दर शनिवारी आणि रविवारी सकाळी दहा ते दुपारी चार भरत असे. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, त्यांतील एक व्याख्यानाची आणि दुसरी सरावाची. आमच्या तुकडीत सोळा जण होते. नुकतीच एम.ए. झालेली मुले, माझ्यासारखे शिक्षक, एका रुग्णालयातील परिचारिका, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, आणि वर्धा व भंडारा येथून सकाळची गाडी पकडून येणाऱ्या दोघीजणी. फी ४२,००० रुपये, तीन हप्त्यांत. शिवाय ‘चाचणी संच’ या नावाखाली ६,००० रुपये वेगळे. एवढी रक्कम शिक्षकाच्या घरात विचार करूनच बाहेर पडते.

तक्रारीची मोठी बाब आधी सांगते. प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या माहितीपत्रकात एक वाक्य ठळक अक्षरांत छापले होते: ‘वर्ग पूर्ण केल्यावर आपण सायकोथेरपिस्ट म्हणून स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू करू शकता.’ हे वाक्य दिशाभूल करणारे आहे आणि ते छापण्याचा अधिकार कोणत्याही सहा महिन्यांच्या वर्गाला नाही. सायकोथेरपिस्ट म्हणजे औषधाशिवाय, संवादातून मनाच्या त्रासावर उपचार करणारा. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. करून मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध लिहून देण्याचे काम त्याचे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांची तपासणी आणि औषधाशिवाय उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, म्हणवून घ्यायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेले शिक्षण आणि परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतील नोंदणी हवी. ही परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या याच शिक्षणावर बेतलेली आहे. एम.ए. आणि त्यावर एखादे प्रमाणपत्र एवढ्याने ती व्याख्या पूर्ण होत नाही.

ही नोंदणी मिळवण्याचा आजवरचा रुळलेला रस्ता म्हणजे एम.ए.नंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. ते रुग्णालयात राहून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावे लागते. बंगळूरची निम्हान्स आणि रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था ही त्यासाठी देशभर ओळखली जाणारी ठिकाणे. प्रवेशपरीक्षा अवघड आणि जागा थोड्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली, मात्र क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदतवाढ दिली. परिषदेने आता क्लिनिकल सायकॉलॉजीतील एम.ए. आणि साय.डी. (याच विषयातील डॉक्टरेट) असे अभ्यासक्रम आखले आहेत. ज्यांना हा मार्ग धरायचा आहे त्यांनी प्रवेशापूर्वी परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची चालू यादी स्वतः पाहावी. संस्थेच्या माहितीपत्रकावर किंवा दलालाच्या तोंडी शब्दावर विसंबू नये. समुपदेशकांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात वर्तन-आरोग्याशी संबंधित व्यवसायांचा एक गट आहे, त्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांचा समावेश आहे. वर्ग चालू असतानाच, ऑगस्ट २०२५ मध्ये, याच कायद्याचा आधार घेऊन विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित अनेक विषयांत दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देण्यास मनाई केली. त्या रविवारी आमच्या वर्गात दुसरे काही शिकवणे झालेच नाही. नोकरी सांभाळून एम.ए. करण्याचा विचार असलेल्या बहिणी, भाचे, सहकारी यांच्यासाठी प्रत्येकजण विचारत होता. माझ्यासारख्या चाळिशीतल्या बाईला ही पदवी दूरशिक्षणामुळेच मिळाली, म्हणून मला वाईट वाटले. पण प्रत्यक्ष सरावाशिवाय मिळालेल्या त्याच पदवीची उणीव भरून काढायला मी या खोलीत बसले होते, हेही तितकेच खरे होते.

त्या माहितीपत्रकातल्या वाक्याने प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते, हे मी पाहिले. तुकडीतील तेवीस वर्षांच्या एका मुलीने याच भरवशावर प्रवेशपरीक्षांचे अर्ज भरले नव्हते. तिसऱ्या आठवड्यात आमच्या मार्गदर्शक मॅडमच्या हे लक्षात आले. त्यांनी तिला सर्वांसमोर काही विचारले नाही, जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेऊन सांगितले, “बेटा, हा वर्ग कर, पण परीक्षेचा अभ्यास सोडू नको. या कागदावर तुझं नाव नोंदवहीत चढणार नाही.” संस्थेने जे लपवले ते संस्थेतच शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितले, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे.

व्याख्यानांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एम.ए. झालेल्यांना त्यातील निम्म्याहून अधिक भाग पुनरावृत्तीचा वाटेल, आणि मानसशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्यांना तोच भाग धावता वाटेल. तीन व्याख्याने ऐन वेळी ऑनलाइन झाली आणि ती ‘प्रात्यक्षिक’ तासांत धरली गेली. हे योग्य नव्हे. अपवाद एका पाहुण्या शिक्षकांचा. त्यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीतून, मराठी उदाहरणे देऊन शिकवली. ‘असे व्हायलाच पाहिजे’ आणि ‘असे झाले तर बरे’ या दोन वाक्यांतील अंतर त्यांनी बोर्डाच्या परीक्षेत कमी गुण पडलेल्या मुलाच्या वडिलांचा संवाद फळ्यावर लिहून दाखवले. कि. मो. फडके यांनी ही पद्धती मराठी वाचकांपर्यंत किती चिकाटीने पोहोचवली, हेही त्यांच्याकडूनच समजले.

या वर्गाचे खरे मोल दुसऱ्या खोलीत होते. तेथे आम्ही तिघातिघांचे गट करून बसत असू: एक समुपदेशक, एक मदत मागणारा आणि एक निरीक्षक. वीस मिनिटांचे संभाषण, परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण, आणि मग घरी जाऊन त्यातील पहिल्या दहा मिनिटांचे शब्दन्‌शब्द लेखन. वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे: समोरची व्यक्ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, आणि त्या क्षणी माझ्या मनात काय चालले होते. तिसरा रकाना भरताना सुरुवातीला माझा हात अडत असे. पुढच्या आठवड्यात मॅडम प्रत्येकाला अर्धा तास देऊन ती वही ओळीओळीने वाचत. यालाच या क्षेत्रात सुपरव्हिजन म्हणतात. मॅडम स्वतः परिषदेच्या नोंदवहीत असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत आणि वीस वर्षांहून अधिक काळ रुग्ण पाहतात.

माझे पहिले ध्वनिमुद्रण मला अजून आठवते. समोर बसलेल्या माझ्या वर्गभगिनीने स्वतःचीच एक खरी, लहानशी काळजी मांडली होती. मुलगी शिकायला पुण्याला गेली आहे आणि रात्री झोप लागत नाही, असे ती सांगत होती. चौथ्या मिनिटाला मी म्हणाले, “काळजी करू नका हो, सगळं नीट होईल. माझी भाचीपण पुण्यालाच आहे.” मॅडमनी तेथे मोबाइल थांबवला आणि विचारले, “हे वाक्य कोणासाठी होतं?” मी म्हणाले, “त्यांना धीर यावा म्हणून.” त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “त्यांची काळजी तुम्हाला सहन होत नव्हती, म्हणून तुम्ही ती बंद केलीत. आता पुढचं ऐका.” पुढे ध्वनिमुद्रणात ती बाई खरोखरच ‘हो ना’ म्हणून गप्प झाली होती आणि पुन्हा मुलीचा विषय तिने काढलाच नव्हता. त्यानंतर मॅडमनी मला घड्याळ लावून मोजायला सांगितले. वीस मिनिटांपैकी अकरा मिनिटे मी बोलले होते, आणि आमच्या दोघींमधली सर्वांत मोठी शांतता दोन सेकंदांची होती.

चौदा वर्षे वर्गात प्रश्न विचारल्यावर उत्तर आले नाही तर मी लगेच दुसरा प्रश्न विचारत आले. शिक्षकाला वर्गातील शांतता म्हणजे आपली चूक वाटते. ती सवय मोडायला मला सप्टेंबर उजाडला. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या उपचारसंबंधाच्या अटी, म्हणजे समोरच्याच्या जागी राहून समजून घेणे, त्याचा विनाअट स्वीकार, आणि स्वतःशी खरे असणे, मी परीक्षेत दोनदा लिहिल्या होत्या आणि दोन्ही वेळा चांगले गुण मिळाले होते. त्यांचा अर्थ या वहीच्या तिसऱ्या रकान्यात कळला. नोव्हेंबरातील एका ध्वनिमुद्रणात समोरचे गृहस्थ वडिलांच्या आजारपणाविषयी बोलता बोलता थांबले आणि मी चाळीस सेकंद काहीच बोलले नाही. चाळीस सेकंदांनी ते म्हणाले, “खरं सांगू का, मला त्यांचा रागच येतो.” एवढ्या एका वाक्यासाठी त्यांना तेवढा वेळ हवा होता.

गोपनीयतेचा धडाही असाच चुकीतून मिळाला. शाळकरी मुलीची भूमिका करणाऱ्या सहकाऱ्याला मी पहिल्याच मिनिटात वचन दिले होते की तू सांगशील ते मी कुणालाही सांगणार नाही. मॅडमनी ते वाक्य खोडून आमच्या सर्वांकडून नवे वाक्य तयार करून घेतले: येथे बोललेले येथेच राहील, मात्र तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा तुझ्यावर कुणी अत्याचार करत असेल, तर मला ते योग्य ठिकाणी सांगावे लागेल, आणि तसे करण्याआधी मी तुझ्याशी बोलेन. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेतील समुपदेशक त्याला अपवाद नाही. हे न सांगता दिलेले वचन नंतर मोडावे लागते, आणि मग त्या मुलीचा मोठ्या माणसांवर उरलासुरला विश्वासही जातो. शाळेत काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हे एक वाक्य तोंडपाठ करावे.

आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारायला शिकवले गेले, हेही मी या वर्गाच्या जमेच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहीन. विचारल्याने मनात नसलेला विचार येतो, हा आपल्याकडे सुशिक्षितांतही पक्का असलेला गैरसमज आहे. विचारल्याने बहुतेकदा माणसाला हायसे वाटते. “तुम्हाला जीव द्यावा असं वाटतं का?” हे वाक्य आवाज न चढवता, नजर न चुकवता, जोडीदारासमोर प्रत्येकाने दहा-दहा वेळा म्हटले. पहिल्या खेपेला सोळापैकी एकालाही ते नीट म्हणता आले नाही. ज्या विदर्भात शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या वाचत आमची पिढी वाढली, तेथे हा प्रश्न विचारता येणारी माणसे गावोगावी हवीत. पुढे काय करायचे तेही शिकवले: एकटे सोडायचे नाही, घरच्यांना सामील करून घ्यायचे, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचे, आणि १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक कागदावर लिहून हातात द्यायचा. तो सरकारी दूरध्वनी ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि त्यावर मराठीतून बोलता येते.

मानसशास्त्रीय चाचण्यांचा भाग संमिश्र होता. वेगळे ६,००० रुपये घेऊन जो संच हाती दिला तो छायाप्रतींचा गठ्ठा होता. काही पानांवरचे आकडे पुसट, एका चाचणीची सूचनापुस्तिका अर्धीच. चाचणीचे साहित्य असे मोकळे वाटणे प्रकाशकाच्या हक्काचा भंग आहेच, पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की प्रश्न बाहेर फिरू लागले की चाचणी निकामी होते. आम्ही चौघींनी लेखी तक्रार केली. उत्तर आले नाही आणि पैसेही परत मिळाले नाहीत.

मात्र याच भागात मला या शहराविषयी एक गोष्ट कळली आणि तिचा अभिमान वाटला. भारतभर मुलांची सामाजिक परिपक्वता मोजण्यासाठी व्हाइनलँड मापनश्रेणीचे जे भारतीय रूपांतर वापरले जाते, ते १९६० च्या दशकात नागपुरात झाले. येथील बालमार्गदर्शन केंद्रात काम करणाऱ्या डॉ. ए. जे. मॅलिन यांनी ते केले, आणि मुलांसाठीची त्यांची बुद्धिमापन चाचणी १९६९ मध्ये आली. मूळ श्रेणी अमेरिकेतील एडगर डॉल यांची, १९३५ ची. नागपूरच्या रूपांतरात ८९ बाबी आहेत. खाणे, कपडे घालणे, हिंडणे-फिरणे, बोलणे, इतरांत मिसळणे अशा गटांत त्या विभागलेल्या आहेत, आणि मूल काय करते हे त्याच्या पालकाशी बोलून नोंदवायचे असते. त्यावरून सामाजिक वय काढतात. त्याला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणले की सामाजिक गुणांक मिळतो. मॅलिन यांच्या बुद्धिमापन चाचणीचे निकष अर्धशतकापूर्वीचे आहेत, त्यामुळे आजच्या मुलाचा आकडा वाचताना फार जपावे लागते, हेही मॅडमनी ठासून सांगितले.

गणित सोपे आहे. अवघड आहे ते विचारणे. विशेष मुलांच्या एका शाळेत मी आठ वर्षांच्या मुलाच्या आईशी बोलत होते आणि वहीत बघून विचारले, “तो स्वतःच्या हातानं जेवतो का?” आई म्हणाली, “नाही ना मॅडम.” मी उणे चिन्ह करायला पेन टेकवले, तेवढ्यात शेजारी बसलेल्या मॅडमनी माझ्या मनगटावर हलकेच हात ठेवला आणि आईला म्हणाल्या, “काल रात्री ताट वाढल्यापासून काय काय झालं, ते सांगा बरं.” आई सांगू लागली, “मीच भरवतो ना त्याले. नाही तर थो सगळं सांडवते, मंग सासूबाई बोलतात. सुटीत माह्या माहेरी गेलो होतो तं तिथं जेवला आपल्या हातानं, पोरायसंगं.” मूल जेवू शकत होते, घरी त्याला तशी संधी मिळत नव्हती. संधीच मिळत नाही अशी वेगळी नोंद करण्याची सोय या श्रेणीत आहे, पण ती नोंद करायची तर प्रश्न उघडा ठेवावा लागतो, हो-नाहीत उत्तर येईल असा विचारून चालत नाही. आणि त्या आईला द्यायचा सल्लाही त्या उत्तरातूनच निघाला: दिवसातून एक जेवण, जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरून, त्याच्या हाताने. पुस्तिका कितीही वाचली असती तरी मनगटावरचा तो हात पुस्तिकेतून मिळाला नसता.

आता उणिवेकडे येते. माहितीपत्रकात शंभर तासांचे क्षेत्रकार्य लिहिले होते. माझ्या नोंदवहीत प्रत्यक्ष माणसांसोबतचे तास भरले ४६. उरलेले तास रांगेतील लोकांचे अर्ज भरून देणे, फायली लावणे आणि एका व्यसनमुक्ती केंद्रात गटसभेच्या वेळी मागे बसून ऐकणे यांत गेले. ऐकण्यातूनही शिकायला मिळते, हे मान्य. पण ते ‘समुपदेशनाचे तास’ म्हणून प्रमाणपत्रावर लिहिले जाऊ नयेत. डिसेंबरात प्रमाणपत्र हाती आले तेव्हा प्रत्येकाच्या कागदावर सरसकट शंभर तास छापलेले होते. मी माझी नोंदवही जपून ठेवली आहे आणि नोकरीच्या मुलाखतीला जाताना तीच सोबत नेते, कारण विचारले तर मला ४६ तासच सांगायचे आहेत.

एक दिवस आम्हाला छिंदवाडा मार्गावरील प्रादेशिक मनोरुग्णालयात नेले होते. राज्यात ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर अशा चार ठिकाणी ही मोठी मनोरुग्णालये आहेत. भेट केवळ परिसर आणि व्यवसायोपचार विभाग पाहण्यापुरती होती, रुग्णांशी औपचारिक बोलणे नव्हते, आणि तसे असणे योग्यच होते. सोळा अनोळखी माणसे वॉर्डात शिरून कुणाच्या आजाराचे प्रदर्शन पाहत नसतात. जाताना ऑटोवाल्याने विचारले, “पागलखाना चौक का?” नागपूरकर पिढ्यान्‌पिढ्या त्या चौकाला असेच म्हणतात. मॅडमनी त्याला शांतपणे सांगितले, “मनोरुग्णालयाच्या फाटकाशी सोडा.” त्यानंतर आमच्या तुकडीतील कुणीही तो जुना शब्द वापरला नाही. ज्या घरातील माणूस त्या फाटकाच्या आत आहे, त्या घराला तो शब्द दररोज ऐकावा लागतो.

भाषेवर दिलेला भर ही या वर्गाची दुसरी मोठी जमेची बाजू. पाठ्यपुस्तके इंग्रजी, आणि समोर येणारी माणसे वऱ्हाडी, नागपुरी, हिंदी बोलणारी. ‘मला अवसाद आहे’ असे म्हणत कुणी येत नाही. माणसे सांगतात की जीव घाबरते, काही सुचत नाही, डोक्यात मुंग्या आल्यासारखे होते, घरात करमत नाही, जेवण गोड लागत नाही. आम्ही प्रत्येकाने असे शब्द ऐकू येतील तसे वहीत उतरवायचे, कोणत्या संदर्भात आले ते लिहायचे आणि महिन्याअखेर सर्वांच्या याद्या एकत्र करायच्या, असा परिपाठ होता. शेवटी आमची यादी दोनशेच्या पुढे गेली. भंडाऱ्याच्या सहकारी बाईंनी आणलेले कितीतरी शब्द मला, नागपुरात जन्मूनही, नवे होते. हे काम कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मी पाहिलेले नाही आणि संस्थेने ते छापावे, असे मी त्यांना सुचवले आहे.

नोकरीचे म्हणाल तर संस्थेचे ‘शंभर टक्के प्लेसमेंट साहाय्य’ म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप गटावर येणाऱ्या जाहिराती. त्या जाहिराती कुणालाही स्वतः शोधता येतात. सीबीएसईच्या संलग्नता-नियमांत शाळेत समुपदेशक असण्याची तरतूद आहे, त्यामुळे खासगी शाळांत जागा निघतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, कुटुंब न्यायालये, व्यसनमुक्ती केंद्रे आणि स्वयंसेवी संस्था येथेही काम असते. प्रत्येक जागेची पात्रता वेगळी असते आणि ती मूळ जाहिरातीतच वाचावी. मला एका शाळेत अर्धवेळ काम मिळाले. मुलाखतीत प्रमाणपत्राकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिले नाही. मुख्याध्यापिकांनी एकच विचारले की एखादी मुलगी दार लावून रडत बसली आणि ‘आईला सांगू नका’ म्हणाली तर तुम्ही काय कराल. मला उत्तर देता आले, कारण ते वाक्य मी ऑगस्टात खोडून पुन्हा लिहिले होते.

मग हा वर्ग करावा का? ज्यांचे एम.ए. झाले आहे, ज्यांना शाळेत किंवा संस्थेत समुपदेशक म्हणून काम करायचे आहे आणि ज्यांनी आजवर कुणाच्या देखरेखीखाली एकही संभाषण केलेले नाही, त्यांनी जरूर करावा. ४२,००० रुपयांपैकी निम्मी रक्कम तरी मॅडमच्या त्या अर्ध्या-अर्ध्या तासांनी फेडली, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे आहे त्यांनी हा पैसा आणि हे सहा महिने प्रवेशपरीक्षेला द्यावेत. ज्यांनी मानसशास्त्राचा अभ्यासच केलेला नाही आणि सहा महिन्यांत दवाखाना थाटण्याचा विचार आहे, त्यांनी हा वर्ग करू नये, आणि संस्थेने त्यांना प्रवेशही देऊ नये. चाचणी संचाचे पैसे मात्र कुणीच भरू नयेत; तो ऐच्छिक आहे, हे आम्हाला फार उशिरा समजले.

प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेच्या कार्यालयात बसून लेखी उत्तर मागावे असे मला वाटणारे प्रश्न असे की सुपरव्हिजन कोण देणार, त्यांचा परिषदेचा नोंदणी क्रमांक काय, प्रत्येक विद्यार्थ्याला दर आठवड्याला त्यांची किती मिनिटे मिळणार, आणि ते मध्येच सोडून गेले तर त्यांच्या जागी कोण येणार. आमच्या नंतरच्या तुकडीत विद्यार्थिसंख्या सोळावरून अठ्ठावीस केली आहे, असे कळते. मार्गदर्शक मात्र त्याच एक आहेत. अठ्ठावीस जणांना अर्धा-अर्धा तास म्हणजे दर आठवड्याला चौदा तास. शनिवार-रविवारच्या बारा तासांत ते बसत नाही. हे मी संस्थेला कळवले आहे.

मी स्वतः दर पंधरा दिवसांनी मॅडमकडे वही घेऊन जाते. आता त्यांच्या खासगी दवाखान्यात, तासाचे ८०० रुपये देऊन. गेल्या खेपेस त्यांनी नववीतल्या एका मुलाच्या संभाषणाची पाने वाचली, तिसऱ्या रकान्यात मी रिकामी सोडलेली एक ओळ बोटाने दाखवली आणि पेन माझ्या हातात दिले.